साडेपंधरा फुटांचे मैदान

सोनारी हे माझे आजोळ. परंडा तालुक्यातले हे गाव भैरवनाथासाठी जितके प्रसिद्ध, तितकेच माकडांसाठी. गेल्या चैत्रात यात्रेला गेलो, तेव्हा मामांच्या ओसरीवर चहा घेत बसलो होतो. समोरच्या अंगणात दोन मुले बॅडमिंटन खेळत होती. मध्ये जाळे म्हणून आजीचे जुने लुगडे बांधलेले. एक मुलगा उभा, दुसरा चौदा-पंधरा वर्षांचा, चाकांच्या खुर्चीत. फूल जरा उंच गेले, पत्र्यावरून उतरलेल्या एका माकडाने ते अलगद उचलले आणि पुन्हा वर जाऊन एकेक पीस उपटीत बसले. डाव तिथेच मोडला.

खुर्चीतला मुलगा हसत हसत चाके फिरवीत माझ्याकडे आला. लहानपणीच त्याच्या पायांतली शक्ती गेलेली.

“सर, खुर्चीत बसून ह्यो खेळ मोठ्या मैदानावर खेळत्यात का हो?”

मी मराठीचा प्राध्यापक. अलंकार विचारले असते तर तासभर बोललो असतो. इथे नुसती मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे माझे मलाच ठाऊक नव्हते.

घरी परतल्यावर शोधू लागलो आणि पहिले नाव भेटले ते बॅडमिंटनपटूचे नव्हतेच. ते होते मुरलीकांत पेटकरांचे. 2024 साली ‘चंदू चॅम्पियन’ या हिंदी चित्रपटाने हे नाव घरोघर पोचवले, तरी ते थोडे सांगतोच. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावी 1944 साली जन्म. सैन्यात गेले, तिथे मुष्टियुद्ध शिकले. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. ठोसे मारणाऱ्या माणसाला खुर्ची आली. उपचारांचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. 1968 साली तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये टेबल टेनिस खेळले आणि 1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्याचे सुवर्णपदक 37.33 सेकंदांत जिंकले. पॅरालिंपिकमधले ते भारताचे पहिले सुवर्ण. पद्मश्री मिळाली 2018 साली. मधल्या 46 वर्षांचा हिशेब कोणी मागू नये. तो आपल्या सर्वांच्याच नावावर निघेल.

मला मात्र विचारात पाडले ते त्यांच्या खेळांच्या यादीने. मुष्टियुद्ध, टेबल टेनिस, भालाफेक, पोहणे. शिवाय हायडेलबर्गला स्लॅलम, म्हणजे अडथळ्यांमधून खुर्ची वळवीत नेण्याची शर्यत. एवढे खेळ एका माणसाने का खेळावेत? हौस असेलच, पण मला वाटते, त्या काळी खुर्चीतल्या खेळाडूला जे दार किलकिले दिसेल त्यातून आत शिरावे लागे. बॅडमिंटनचे दार तर त्या पॅरालिंपिकमध्ये नव्हतेच. आणि हा खेळ आपल्या पुण्याच्या लष्करी छावणीत वाढलेला! इंग्रज अधिकारी त्याला ‘पूना’ असेच म्हणत.

ते दार फार उशिरा उघडले. अपंगांच्या बॅडमिंटनची पहिली जागतिक स्पर्धा 1998 साली हॉलंडमध्ये झाली. पॅरालिंपिकमध्ये प्रवेश मिळायला टोकियो उजाडले. नाव 2020 चे, पण साथीमुळे स्पर्धा भरली 2021 मध्ये.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. खेळतात, आणि नियम मोठे विचारपूर्वक केलेले आहेत. जाळे नेहमीच्याच उंचीचे, कडेला पाच फूट एक इंच. एकेरीत मैदान उभे चिरून अर्धेच घ्यायचे, म्हणजे रुंदी साडेआठ फूट. जाळ्यालगतची साडेसहा फुटांची पट्टी बाद; फूल तिथे पडले तर गुण प्रतिस्पर्ध्याला, कारण बसलेल्या माणसाला तिथवर झुकणे कठीण. उरली साडेपंधरा फूट लांबीची जागा. पाय पायटेकूवर बांधलेले, आणि फटका मारताना धड बैठकीला टेकलेलेच हवे, उचलून चालत नाही. पाठीमागे एक लहान चाक असते. डोक्यावरून जाणारे फूल गाठायला खेळाडू मागे कलतो, तेव्हा खुर्ची उलटू नये म्हणून. सगळ्यात अवघड गोष्ट हातांची. ज्या हातात रॅकेट, त्याच हाताने चाकही ढकलायचे. उभा खेळाडू पायांनी पळतो आणि हातांनी मारतो. इथे दोन्ही कामे हातांच्याच माथी.

आपल्याकडे या खेळाचे यश काही लहान नाही. मुंबईत वाढलेली, अपघातात पाय गमावलेली मानसी जोशी 2019 साली बाझेलला जगज्जेती झाली. टोकियोत भारताला दोन सुवर्णपदके मिळाली. पण ही सारी उभ्याने खेळणाऱ्यांच्या गटांतली मिळकत. खुर्चीत बसून खेळणारा एकही भारतीय टोकियो किंवा पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये बॅडमिंटनच्या मैदानात उतरला नाही. गुणांची वाण असेल असे मला वाटत नाही. या खेळाच्या खुर्चीची चाके खाली फाकलेली असतात, ती गर्रकन वळते. तिला गुळगुळीत जमीन लागते. इस्पितळातली खुर्ची आणि सोनारीचा मुरूम यांनी ते साधायचे नाही.

गणपतीच्या सुट्टीत पुन्हा सोनारीला गेलो, तेव्हा पिशवीत मोजपट्टी आणि फुलांचा डबा होता. मामींच्या रांगोळीच्या डब्यावर हात मारला. त्या मुलाने स्वतः माप सांगितले, मी वाकून रेघा ओढल्या. काम झाल्यावर तो मैदानाकडे पाहत राहिला.

“एवढंच?”

“एवढंच. पुढची पट्टी आपली नाही.”

त्याने पत्र्याकडे पाहिले. तिथे मंडळी जमलेलीच होती.

“मग ती त्यांना देऊन टाकू, सर,” तो म्हणाला, आणि खुर्ची मागे घेऊन रॅकेट उचलली.