खिशात मावणारा छंद

विद्यार्थी मित्रहो, 'फावल्या वेळात एखादा छंद जोपासा' हा उपदेश तुम्ही कितीदा तरी ऐकला असेल. मीही तो अनेक शाळांतून केला आहे. एकदा असाच एका खेड्यातील शाळेत बोलत होतो. दुर्बिणीतून आकाश पाहावे, खडकांचे नमुने जमवावेत, घरच्या घरी रेडिओ जोडावा, असे बरेच काही सांगितले. व्याख्यान संपल्यावर नववीतील एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, दिवाळी झाली की मी आई-वडिलांबरोबर साखर कारखान्याकडे जाते. ते ऊस तोडतात. आम्ही कोपीत राहतो. एक फड संपला की बिऱ्हाड उचलायचे. मी कोणता छंद घेऊ?"

मला उत्तर देता आले नाही. 'विचार करून कळवतो' एवढेच म्हणालो. माझ्या यादीतील प्रत्येक छंदाला एक टेबल, एक कपाट आणि वर्षभर एकच पत्ता लागत होता, हे तोपर्यंत माझ्या ध्यानातच आले नव्हते.

घरी आल्यावर मी चार कसोट्या लिहून काढल्या. पहिली, छंदाचे सामान दप्तरात किंवा खिशात मावले पाहिजे. दुसरी, ते फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळाले पाहिजे. तिसरी, धाकट्या भावाला घ्यायला कोणी हाक मारली, तर काम अर्धवट ठेवून उठता आले पाहिजे आणि पुन्हा तेथूनच सुरू करता आले पाहिजे. चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची. छंद वाढता हवा. आठवड्याभरात संपला तर तो छंद कसला? चारही कसोट्यांना उतरणारी जी गोष्ट मला सापडली, ती तुम्ही पहिलीपासून करीत आला आहात. ती म्हणजे कागदाच्या घड्या!

होडी आणि विमान तर सर्वांनाच येते. जपानी लोक या कलेला 'ओरिगामी' म्हणतात. 'ओरि' म्हणजे घडी आणि 'कामी' म्हणजे कागद. जपानमध्ये अकिरा योशिझावा (१९११–२००५) नावाचे मोठे कलावंत होऊन गेले. तरुणपणी कारखान्यात काम करीत असताना नवशिक्या कामगारांना भूमिती समजावी म्हणून ते कागदाच्या घड्या वापरीत. घडी कोठे व कशी घालावी हे तुटक रेषांनी आणि बाणांनी दाखवण्याची पद्धत त्यांनीच रूढ केली. त्यामुळे आज जपानी पुस्तकातील आकृती मराठी मुलालाही वाचता येते.

पण हा केवळ परदेशी छंद आहे असे समजू नका. १८९३ साली मद्रास येथे तंडलम सुंदर राव यांचे कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने त्याची दखल घेतली आणि १९०१ मध्ये त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली. हातात फक्त कागद असताना आपल्याकडील एका माणसाने जगाला भूमिती शिकवली, ती अशी.

आता प्रत्यक्ष करून पाहू. पाठकोरा कागद, जुनी लग्नपत्रिका, कॅलेंडरचे पान, काहीही चालेल.

प्रयोग पहिला. एक कागद मधोमध दुमडा, पुन्हा दुमडा, असे करीत राहा. किती वेळा जमते? बहुधा सहा किंवा सात वेळा. असे का व्हावे? वहीचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. प्रत्येक घडीला जाडी दुप्पट होते. सात घड्यांनंतर १२८ थर होतात, म्हणजे जाडी सव्वा सेंटिमीटरहून अधिक. ४२ घड्या घालता आल्या असत्या, तर जाडी सुमारे ४ लाख ४० हजार किलोमीटर झाली असती. चंद्राचे सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार किलोमीटर आहे! शिवाय प्रत्येक वळणावर थोडा कागद खर्ची पडतो आणि थर वाढले की हा खर्चही झपाट्याने वाढतो. अमेरिकेतील ब्रिटनी गॅलिव्हन या शाळकरी मुलीने या खर्चाचे सूत्र मांडले आणि २००२ साली सुमारे १२०० मीटर लांबीचा पातळ कागद बारा वेळा दुमडून दाखवला.

प्रयोग दुसरा. १६ सेंटिमीटर बाजूचा चौरस कागद घ्या. वरच्या कडेच्या मध्यावर खूण करा. आता खालचा उजवा कोपरा उचलून बरोबर त्या खुणेवर टेकवा आणि घडी दाबा. वर उजवीकडे एक काटकोन त्रिकोण दिसेल. त्याच्या बाजू मोजा. ६, ८ आणि १० सेंटिमीटर! पायथागोरसचा ३, ४, ५ हा त्रिकोण तुम्ही कंपास न वापरता मिळवलात. याची सिद्धता तुम्हीच करू शकाल. उजवीकडची उभी बाजू क्ष माना. मग कर्ण १६ – क्ष होईल, कारण ती दोन्ही मिळून कागदाची मूळची उजवी कड आहे. आडवी बाजू ८ आहे. समीकरण सोडवा, क्ष = ६ येईल.

आता डावीकडे पाहा. दुमडलेल्या भागाची तिरकी कड कागदाची डावी कड जेथे ओलांडते, तेथे खूण करा. ती वरच्या कोपऱ्यापासून सुमारे १०.७ सेंटिमीटरवर असेल, म्हणजे बाजूच्या बरोबर दोन-तृतीयांश अंतरावर. चौरसाचे तीन समान भाग करण्याची ही युक्ती काझुओ हागा या जपानी जीवशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. छंद त्यांचा, नाव मात्र भूमितीत झाले!

घडीची ताकद याहूनही मोठी आहे. केवळ पट्टी आणि कंपास वापरून कोणत्याही दिलेल्या कोनाचे तीन समान भाग करण्याची सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे वांत्सेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये सिद्ध केले. कागदाच्या घड्यांनी मात्र ते करता येते. कोर्यो मिउरा या जपानी शास्त्रज्ञाने अशी घडी शोधली, की दोन समोरासमोरची टोके ओढली की सगळा कागद एकदम उलगडतो. १९९५ मध्ये सोडलेल्या एका जपानी अंतराळयानावर सौरपट्टा उलगडण्यासाठी ती वापरली गेली.

हे सारे लिहून, सोबत काही चौरस कागद घालून मी एक पाकीट त्या शाळेतील शिक्षकांकडे पाठवले. त्यांनी ते दिवाळीपूर्वी त्या मुलीला दिले. शेवटी मी तिसरा प्रयोग लिहिला होता, पण त्याचे उत्तर मुद्दामच लिहिले नव्हते.

प्रयोग तिसरा. कागद एकदा दुमडा, मग आडवा दुमडा, हवे तर तिसऱ्यांदाही दुमडा. प्रत्येक वेळी तो सपाट झाला पाहिजे. आता उलगडा. कागदाच्या आतल्या भागात जेथे घड्या एकत्र मिळतात असा बिंदू निवडा. कडेवरचा नको. एकाच बाजूने पाहून, वर उठलेल्या घड्यांना 'डोंगर' आणि खाली गेलेल्यांना 'दरी' म्हणा. दोन्ही मोजा.

उन्हाळ्यात ते पाकीट परत आले. आत बिस्किटपुड्याचे कागद, खताच्या जाहिरातीचा तुकडा, वहीची पाने, सगळे दुमडून उलगडलेले. डोंगर लाल पेन्सिलीने आणि दऱ्या निळ्या पेन्सिलीने रंगवलेल्या. बाजूला आकडे होते : ३ आणि १, ३ आणि १, ५ आणि ३. खाली एकच ओळ : "सर, कोठेही मोजले तरी फरक दोनच येतो. का?"

या नियमाला जून माएकावा यांचे नाव आहे. तिला मी जे उत्तर लिहिले, तेच तुम्हाला सांगतो. घडी घातलेल्या कागदावर त्या बिंदूभोवती एक मुंगी चालते आहे अशी कल्पना करा. प्रत्येक घडीशी तिला १८० अंशांतून मागे वळावे लागते; डोंगराशी एका दिशेने, तर दरीशी उलट दिशेने. एक फेरी पूर्ण करून ती निघाल्या जागी आली, म्हणजे एकूण ३६० अंश वळली. डोंगराचे आणि दरीचे वळण एकमेकांना खोडून काढते, तेव्हा उरलेल्या घड्या किती हव्यात? ३६० भागिले १८०, म्हणजे दोन.

शिक्षक मित्रांना एक विनंती. दिवाळीनंतर तुमच्या वर्गातील काही बाके रिकामी होत असतील, तर त्या मुलांच्या दप्तरात वीस-पंचवीस चौरस कागद आणि एक न सुटलेला प्रश्न घालून द्या. खर्च काहीच नाही.

आणि मित्रहो, तुमच्यासाठीही एक प्रश्न. सपाट घडीच्या अशा बिंदूपाशी मिळणाऱ्या घड्यांची एकूण संख्या कधी विषम येऊ शकेल का? कागद घ्या, आणि करून पाहा!