डाव्या हाताची दहा वर्षं

२०१४च्या दिवाळीत तळेगावहून टेम्पोतून आमच्या आंबीच्या घरी डिजिटल पियानो आला. चांगला ८८ पट्ट्यांचा. ओटीवर मांडल्यावर सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, तो पुढून पाहिला, मागून पाहिला आणि विचारलं, "सूनबाई, याचा भाता कुठंय?" भाता नसतो म्हटल्यावर लगेच दुसरा प्रश्न आला. "मग डाव्या हातानं करायचं काय?"

त्या प्रश्नामागे माझी दहा वर्षं गेली.

तात्या गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला नोटेशन वाचता येत होतं, परीक्षाही दिल्या होत्या. पण समोरची वही मिटली की हात गप्प व्हायचे. तात्यांना नोटेशन अजिबात येत नाही. हरिनाम सप्ताहात बुवांनी काळी चार धरली की यांची बोटं तिथे आधीच पोचलेली असायची. बुवा चालीत एखादी नवी जागा घेत, पेटी अर्ध्या मात्रेनं मागे राहून तीच जागा दाखवी, आणि बुवा दम घ्यायला थांबले की तेवढ्या फटीत दोन-तीन सुरांचं काहीतरी स्वतःचं ठेवून देई. पुन्हा तसं वाजवा म्हटलं तर तात्यांना जमायचं नाही. त्याला उपज म्हणतात हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. ती समोर घडताना मी पहिल्यांदा पाहिली ती इंद्रायणीकाठच्या या गावात.

पियानोवर मला तेच करायचं होतं. पण पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो. सुराला श्वास देणं हे त्याचं काम. पियानोवर तो हात मोकळा सुटतो आणि मोकळा हात फार अवघडतो. पहिली दोन वर्षं मी त्याला पाश्चात्त्य पद्धतीचे कॉर्ड शिकवले. उजव्या हातानं यमन मांडायचा, डाव्यानं सा-ग-प एकदम दाबायचं. उजवा हात तीव्र मध्यमावर थांबला की खालचे गंधार-पंचम त्याच्याशी भांडायचे. खूप दिवसांनी मी डाव्या हातातून गंधार काढून टाकला. उरले सा आणि प, तानपुऱ्यासारखे. त्या दिवशी यमनला बसायला जागा मिळाली.

पट्ट्यांच्या वाद्याबद्दलच्या तक्रारी जुन्याच. पेटीचे सूर ठोकळ, तिच्यावर मींड निघत नाही, म्हणून १९४०मध्ये आकाशवाणीनं तिला बंदी घातली. ती उठायला १९७१ उजाडलं. पण त्याआधीच गोविंदराव टेंब्यांनी पेटीचं स्वतंत्र वादन नावारूपाला आणलं होतं. १९११च्या 'मानापमान'च्या चाली बांधणारे टेंबे ते हेच. पुढे आप्पा जळगावकरांनी भीमसेनजींसारख्या गवयांची साथ करत आणि तुळशीदास बोरकरांनी पी. मधुकरांच्या तालमीत तयार होऊन मींडेची उणीव कण, खटके आणि भात्याच्या दाबानं भरून काढली. बोरकरांना २०१६मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा तात्यांनी घरात पेढे वाटले होते. ही माणसं साथीतून घडली. दुसऱ्याच्या गळ्यामागे वर्षानुवर्षं चाललेल्या बोटांना एकटं चालताही येतं, असं मला आता पक्कं वाटतं. उलट रस्त्यानं जाणं फार कठीण.

मी उलट्या रस्त्यानं गेले होते. २०१८च्या गणपतीत वस्तीवरच्या मंडपात माझं वादन ठेवलं होतं. आयत्या वेळी सुचल्यासारख्या वाटाव्यात म्हणून मी सगळ्या ताना वहीत लिहून पाठ केल्या होत्या. तबल्यावरच्या मुलानं लय जरा चढी धरली. माझी सोळा मात्रांची तान सुटली ती सुटलीच. सम आली कधी, गेली कधी, कळलं नाही. तात्यांनी पुढे बसून हातानं टाळी दाखवली तेव्हा कुठे मी जागेवर आले. घरी परतताना ते एवढंच म्हणाले, "तू त्या पोराचं ऐकतच नव्हतीस."

त्यानंतर वही बंद केली. तात्यांनी मला लेहरा धरायला बसवलं. तबलजी वाट्टेल ते खेळेल, आपण तीच एक ओळ न हलता फिरवत राहायची. कुणाला वाटेल, यात उपज कुठे आली? पण सहा महिन्यांनी तो लेहरा डाव्या हातात उतरला आणि उजवा हात त्यावर निर्धास्त फिरू लागला. १९७५मध्ये कोलोनच्या ऑपेरागृहात जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटला नको असलेला लहानसा पियानो मिळाला, तेव्हा तोही बराचसा मधल्याच पट्ट्यांवर राहिला आणि डाव्या हातानं एकेक आकृती घोळवत त्यानं तासाभराचं वादन उभं केलं. ते ध्वनिमुद्रण मी तात्यांना ऐकवलं. डोळे मिटून म्हणाले, "लेहरा धरलाय की यानं."

टाळेबंदीत माझ्या हाती एक खेळ लागला. फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या. काळी तीनला सा मानलं तर भूप होतो. त्याच पाच पट्ट्या, सा काळी एकवर आणला की दुर्गा. काळी पाचवर नेला की मालकंस. एकही पट्टी न बदलता घर बदलतं. मूर्च्छना म्हणतात ती हीच. रात्री कानाला हेडफोन, बाहेर एमआयडीसीच्या रस्त्यावर शुकशुकाट, आणि मी तासभर या घरातून त्या घरात. रोजचं वादन फोनवर मुद्रित करून सकाळी ऐकायचे. चार दिवसांत कळलं की मला जे सुचतंय असं वाटे ते माझ्या बोटांची सवय होती: दर वेळी पंचमावरून तीच उतरण. मग पंचमच वर्ज्य केला. भुपात उरले चार सूर, आणि पहिल्यांदाच हात थांबून कानाला विचारू लागला. माझ्यापुरतं शिकणं तिथे सुरू झालं.

आता तात्यांची बोटं आखडलीत, भाता ओढवत नाही. २०२४च्या कार्तिकात एका संध्याकाळी ते पियानोशेजारी खुर्ची ओढून बसले आणि शब्दांशिवाय नुसता भूप गुणगुणू लागले. मी अर्धी मात्रा मागे राहून त्यांच्यामागे निघाले. धैवतावर त्यांचा दम संपला. उजवा हात मी उचलून घेतला. डावा हात सा-पवर चालत होता, त्यानं आपसूक गंधाराला हात लावला, रिषभावर टेकला आणि सावर येऊन तात्यांची वाट पाहत थांबला. तात्यांनी माझ्या त्या हाताकडे पाहिलं, दम घेतला आणि पुढची जागा गायला सुरुवात केली.