शिबिराहून परतल्यावर

१९८०च्या दशकाच्या अखेरीस, महाविद्यालयात असताना, मी श्रमसंस्कार शिबिरासाठी एका डोंगराळ गावात गेलो होतो. आम्ही शोषखड्डे खणत होतो. एक म्हातारी काठीवर रेलून पाहत होती. म्हणाली, “पोरानू, खाली कातळ हाय. पाणी मुरायचं कुठं?” आम्ही हसलो आणि खणत राहिलो. शिबिर संपले, तास नोंदवले गेले, प्रमाणपत्र मिळाले. पावसाळ्यात ते खड्डे तुंबले, हे मला पुढे त्याच गावच्या एका मित्राकडून कळले. आम्हाला तिथे परत कुणी नेले नाही आणि म्हातारीच्या प्रश्नाचा तास वर्गात कुणी घेतला नाही.

प्रवास आणि सेवा यांतून शिक्षण होते की नाही, हे परतल्यावर ठरते. हा विचार कोल्हापूर जिल्ह्याला नवा नाही. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीत १९०७ साली जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने भुदरगड तालुक्यात, गारगोटीला मौनी विद्यापीठ उभे राहिले. पाटगावच्या मौनी महाराजांचे नाव त्याला दिले गेले. त्याआधी, स्वातंत्र्य चळवळीतील तुरुंगवासानंतर, नाईकांनी धारवाडजवळच्या एका खेड्यात ग्रामसुधारणेचे काम केले होते. खेड्यासाठी शिकायचे तर खेड्यात राहून शिकावे, ही दृष्टी गारगोटीच्या मुळाशी होती.

१९५६ पासून केंद्र सरकारने देशात निवडक ग्रामीण उच्च शिक्षण संस्था सुरू केल्या, त्यांत गारगोटीही होती. या योजनेत ग्रामसेवेची तीन वर्षांची पदविका होती आणि अध्यापन, संशोधन व विस्तारकार्य ही तीन कामे एकत्र बांधलेली होती. ‘विस्तार’ म्हणजे संस्थेतले ज्ञान आसपासच्या गावांत नेणे. पण गावाची अडचण अभ्यासाच्या टेबलावर आणणे, हा त्याचा दुसरा अर्धा भाग. तो गळला की उरते ती फक्त श्रमदानाची हजेरी.

पुढे नाईक १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. कार्यानुभव आणि समाजसेवा हे सर्व स्तरांवरील शिक्षणाचे अंग असावे, अशी शिफारस आयोगाने केली. त्यातला ‘कार्यानुभव’ आपण सर्वांनी शाळेच्या वेळापत्रकात पाहिला आहे. बहुतेकांच्या आठवणीत तो कागदी फुलांचा तास म्हणून उरला.

गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि एक निवासी शिबिर, हे तिचे गणित. या योजनेने शहरातल्या असंख्य मुलामुलींना पहिल्यांदा खेड्यात मुक्काम घडवला, हे तिचे मोठेच देणे. पण तास मोजता येतात, प्रश्न मोजता येत नाहीत. अहवालात म्हणून तासच जातात.

लहान वयाची वाट कोल्हापुरातच दिसते. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयात परिसरात जाऊन पाहणे, श्रम करणाऱ्या माणसांशी बोलणे आणि त्या अनुभवावर वर्गात बोलणे-लिहिणे हा शिकण्याचाच भाग मानला गेला. तिथे भेट ही अभ्यासाची सुरुवात असते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. संधी मोठी आहे, धोकाही जुनाच आहे. शिक्षकाने तीन गोष्टी केल्या तरी पुष्कळ होईल. जाण्यापूर्वी गावाला विचारावे, काय हवे आहे. आल्यावर तिथले प्रश्न भूगोल, अर्थशास्त्र, विज्ञानाच्या तासाला मांडावेत. आणि वर्षभरानंतर त्याच मुलांना घेऊन त्याच गावात जावे.

आमच्या शिबिरात एवढे घडले असते, तर म्हातारीच्या प्रश्नातून कातळ, माती आणि पाणी मुरण्याचा वेग आम्ही विसाव्या वर्षीच शिकलो असतो. मी तो पन्नाशीत, स्वतः पुस्तके चाळून शिकलो. गावाला सांडपाण्यासाठी खड्ड्याऐवजी दुसरा उपाय हवा होता, हेही मला तेव्हाच कळले.