कृती 'घडवून आणणारी व्यक्ती' कोण?

संगणकाने तयार केलेल्या कृतीचा कर्ता कोण, याचे उत्तर भारतीय कायद्यात तीस वर्षांपूर्वीच लिहिले गेले. 1957च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली दुरुस्ती झाली आणि कर्त्याच्या व्याख्येत एका ओळीची भर पडली. साहित्य, नाट्य, संगीत किंवा कलाकृती संगणकाद्वारे निर्माण झाली असेल, तर ती निर्मिती जी व्यक्ती घडवून आणते ती तिची कर्ती. त्या काळी संगणक हे ब्रश किंवा टाइपरायटरसारखे अवजार होते आणि ते चालवणारा हात सहज दाखवता येत असे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला चार शब्द लिहून दिले की ते आता दोन मिनिटांत चित्र हाती देते. तेव्हा 'घडवून आणले' नेमके कुणी, यावर सगळा वाद येऊन थांबतो.

एक उदाहरण घेऊ. पुण्यात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेणारी भूमिगत दगडी नळयोजना नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधली गेली. समजा, कात्रजमधल्या एका चित्रकर्तीने या नळावर मुलांसाठी चित्रपुस्तक करायला घेतले. मजकूर तिने स्वतः लिहिला. तलाव, नळ आणि त्यावरचे हवा सुटण्यासाठीचे उच्छ्वास यांची चित्रे एआय साधनाकडून काढून घेतली. या चित्रांवर हक्क सांगू शकतील असे चौघे दिसतात: ती स्वतः, साधन बनवणारी कंपनी, ज्यांच्या चित्रांवर साधन शिकले ते चित्रकार, आणि खुद्द ते साधन.

यांतला साधनाचा दावा सर्वांत कच्चा. कायद्यात शब्दच 'व्यक्ती' असा आहे. 1980च्या दशकात कॅम्लिनच्या पेन्सिलींच्या खोक्यावरून दिल्ली उच्च न्यायालयात वाद गेला, तेव्हाही कॉपीराइट माणसाकडेच उगम पावतो, अशीच भूमिका न्यायालयाने घेतली होती. शिवाय हक्काची मुदत मोजली जाते ती कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे. ज्याला मरण नाही त्याची मुदत कधी संपणार? तरीही भारतात हा प्रयोग होऊन गेला. अंकित साहनी या वकिलाने स्वतः काढलेल्या सूर्यास्ताच्या छायाचित्राला 'राघव' नावाच्या एआय साधनाकडून व्हॅन गॉगच्या 'स्टारी नाइट'चा बाज दिला. 'सूर्यास्त' या चित्राची नोंदणी नोव्हेंबर 2020मध्ये झाली आणि तीत राघवचे नाव सहकर्ता म्हणून लागले. सुमारे वर्षभरानंतर कॉपीराइट कार्यालयाने ती मागे घेण्याची नोटीस काढली. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने डिसेंबर 2023मध्ये याच चित्राची नोंदणी अंतिमतः नाकारली.

कंपनीचा प्रश्न बहुधा करारातच मिटतो. साधन वापरण्याच्या अटींमध्ये अनेक कंपन्या निर्मितीवरचा आपला हक्क वापरणाऱ्याला देऊन टाकतात. ती अट वाचून वापरणारे निर्धास्त होतात आणि तिथेच फसगत होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चित्रावर कॉपीराइट मुळात उत्पन्नच झाला नसेल, तर कंपनीने दिलेला 'हक्क' एवढाच की ती स्वतः दावा करणार नाही. तिसऱ्या कुणी ते चित्र उचलून टी-शर्टवर छापले, तर त्याला अडवण्याचे बळ त्यातून येत नाही.

म्हणून खरा प्रश्न चित्रकर्तीचाच. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मौलिकतेची कसोटी घालून दिली. नुसते कष्ट आणि पैसा ओतून भागत नाही. कौशल्य व निर्णयबुद्धी वापरलेली असावी आणि सर्जनशीलतेचा थोडा तरी अंश दिसावा. 'कात्रजच्या तलावाचे चित्र काढ' एवढीच सूचना या कसोटीला उतरणे अवघड आहे. पण चित्रकर्तीने स्वतःचे पेन्सिलचे रेखाटन आधी दिले, वीस आवृत्त्यांतून एक निवडली, उच्छ्वासाची घडण चुकलेली पाहून ती हाताने दुरुस्त केली, रंग बदलले, तर तिची निर्णयबुद्धी पानोपानी दाखवता येते. 1994च्या व्याख्येचा न्याय्य अर्थ हाच असायला हवा. नुसती कळ दाबणे म्हणजे घडवून आणणे नव्हे.

परदेशांतही याचे एकच उत्तर निघालेले नाही. ब्रिटनच्या 1988च्या कायद्यात भारतासारखीच तरतूद आहे. बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने नोव्हेंबर 2023मध्ये सूचना आणि मापे बारकाईने ठरवणाऱ्या वापरकर्त्याला चित्राचा कॉपीराइट दिला. अमेरिकेत उलट घडले. स्टीफन थेलर यांनी आपल्या यंत्राला एकमेव कर्ता ठरवून मागितलेली नोंदणी अपील न्यायालयानेही मार्च 2025मध्ये नाकारली. कात्रजच्या पुस्तकाला सर्वांत जवळचा दाखला 'झारिया ऑफ द डॉन' या चित्रकथेचा आहे. फेब्रुवारी 2023मध्ये तिथल्या कार्यालयाने मजकूर आणि चित्रांची मांडणी लेखिकेची मानली, एआयने काढलेली सुटी चित्रे मात्र वगळली. एकाच पुस्तकाच्या पोटात हक्काचे असे थर पडतात.

नोंदणी भारतात सक्तीची नाही. कृती निर्माण होताच हक्क उत्पन्न होतो आणि नोंदणी हा त्याचा प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. म्हणूनच कच्ची रेखाटने, दिलेल्या सूचना, टाकून दिलेल्या आवृत्त्या तारखेसह जपून ठेवणे हे नोंदणीइतकेच महत्त्वाचे काम आहे. चित्रकर्ती पगारी नोकरीत असेल आणि काम नोकरीचा भाग असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक नियोक्ता. प्रकाशकाला हक्क द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचे धरले जाते.

शैलीवर मात्र कुणाचाच कॉपीराइट नसतो. 'वारली पद्धतीने काढ' असे साधनाला सांगितल्याने या कायद्याचा भंग होत नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याचे संरक्षण वेगळ्या प्रकारचे आहे.

आवाजाचेही असेच. गीताचा हक्क गीतकाराकडे, चालीचा संगीतकाराकडे, ध्वनिमुद्रणाचा निर्मात्याकडे. गळा यांपैकी कशातच मावत नाही. यंत्राने आवाजाची नक्कल सुरू केल्यावर ही फट उघडी पडली, आणि ती बुजवण्याचे काम मुंबई उच्च न्यायालयाने केले. अरिजित सिंग यांच्या प्रकरणात जुलै 2024मध्ये आणि आशा भोसले यांच्या प्रकरणात 29 सप्टेंबर 2025 रोजी न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिले. परवानगीशिवाय कुणाचाही आवाज नामवंत गायकाच्या आवाजात बदलून देणारे साधन उपलब्ध करणे हा त्या गायकाच्या व्यक्तिमत्त्वहक्काचा भंग आहे, असे भोसले यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती आरिफ डॉक्टर यांनी म्हटले. सात-आठ दशकांच्या रियाजाने आणि गाण्याने घडलेला गळा कुणीही उसना घेऊ नये, हे कायद्याने इतक्या स्पष्टपणे सांगणे फार गरजेचे होते.

राहिले ते चित्रकार आणि लेखक, ज्यांच्या कामावर साधन शिकले. एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध नोव्हेंबर 2024मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याच मुद्द्यावर दावा लावला. केंद्राच्या उद्योग प्रोत्साहन विभागाने नेमलेल्या समितीने डिसेंबर 2025मध्ये एक कार्यपत्र प्रसिद्ध केले. कंपन्यांना कायदेशीररीत्या उपलब्ध असलेली कोणतीही कृती प्रशिक्षणासाठी वापरता यावी आणि कमाईतून निर्मात्यांना रॉयल्टी मिळावी, अशी त्याची शिफारस आहे. नॅसकॉम या माहिती-तंत्रज्ञान उद्योगाच्या संघटनेने तिच्याशी असहमती नोंदवली. कात्रजची चित्रकर्ती इथे दुसऱ्या बाजूलाही उभी आहे, कारण तिचीच जुनी चित्रे त्या साधनाच्या पोटात गेलेली असू शकतात. प्रस्तावित व्यवस्थेत तिला मोबदला मागता येईल. 'माझे चित्र वापरू नका' असे सांगण्याचा हक्क मात्र उरणार नाही.