लेह शहरांतील हिवाळा व तेथील स्वयंपाकघर

बर्फाचें नांव काढिलें म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें बहुधा चित्रांतला देखावा उभा राहतो: पांढरे शुभ्र डोंगर, त्यांवरून घसरत जाणारीं मुलें आणि शेकोटीभोवतीं बसलेलीं माणसें. हें चित्र अगदींच खोटें नाहीं. परंतु जेथें वर्षांतील चार-पांच महिने पाणी दगडासारखें गोठतें, तेथें घरांतील आई सकाळीं उठून चुलीवर काय ठेविते, जळण कशाचें करिते, भाजी कोठें सांठविते, हे प्रश्न त्या चित्राकडे पाहून कोणाच्या मनांत येत नाहींत. वास्तविक एखाद्या प्रांताची खरी ओळख करून घ्यावयाची असेल, तर तेथील राजवाड्यापेक्षां स्वयंपाकघर पाहणें अधिक उपयोगाचें. म्हणून या लेखांत आम्ही लडाखांतील लेह शहराचा हिवाळा व तेथील घरगुती जेवण यांचा थोडासा परिचय वाचकांस करून देत आहों.

लेह हें सिंधु नदीच्या खोऱ्यांत, समुद्रसपाटीपासून सुमारें ३,५०० मीटर, म्हणजे सुमारें ११,५०० फूट उंचीवर वसलें आहे. आपल्या महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसुबाई; त्याची उंची १,६४६ मीटर. कळसुबाईवर दुसरें कळसुबाई ठेविलें, तरी लेहच्या बाजारपेठेची बरोबरी व्हावयाची नाहीं. इ. स. २०११ च्या खानेसुमारींत या शहराची वस्ती ३०,८७० भरली. इ. स. २०१९ च्या ऑक्टोबरच्या ३१ तारखेस लडाख हा केंद्रशासित प्रदेश झाला व लेह हें त्याचें एक मुख्य ठिकाण बनलें.

येथें एक नवलाची गोष्ट सांगितली पाहिजे. हें गांव हिमप्रदेशांत असूनहि गांवांत पडणारा बर्फ फार थोडा. हिमालयाच्या उंच रांगा पावसाळी ढगांस दक्षिणेसच अडवितात. त्यामुळें पाऊस व बर्फ मिळून लेह येथें वर्षाकांठीं सुमारें १०० मिलिमीटर, म्हणजे अवघें चार इंच पाणी पडतें. कोंकणांत आषाढांतील एका जोराच्या दिवशीं याहून अधिक पाऊस पडतो. चोहोंकडे उघडे, तपकिरी डोंगर; आणि जेथें पाटाचें पाणी पोहोंचतें तेवढीच हिरवी शेतें. बर्फ सांठतो तो वरच्या शिखरांवर. उन्हाळ्यांत तो वितळून ओढ्यांनीं खालीं येतो, आणि त्यावरच शेत, गुरें व माणसें जगतात. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां स्वयंपाकाकडे वळूं. आमच्या शास्त्राच्या तासास विद्यार्थी शिकतात कीं, पाणी १०० अंशांवर उकळतें. हें समुद्रकांठीं खरें. जसजसें उंच जावें तसतसा हवेचा दाब कमी होतो, आणि पाणी कमी उष्णतेंतच उकळूं लागतें. लेह येथें हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें दोनतृतीयांश असल्यामुळें पाणी सुमारें ८८ अंशांवरच उकळतें. खालीं जाळ कितीहि वाढविला, तरी उघड्या भांड्यांतील पाण्याची उष्णता त्यापलीकडे जात नाहीं; पाण्याची वाफ मात्र होऊन जाते. यामुळें डाळ शिजतां शिजत नाहीं. आज घरोघरीं प्रेशर कुकर आहे, म्हणून वरणभात होऊं शकतो. पण पूर्वी तो नव्हता, आणि जळणाचीहि टंचाई. तेव्हां त्या लोकांनीं अशी युक्ति काढिली कीं, धान्य आधींच भाजून त्याचें पीठ करून ठेवावें, म्हणजे पुन्हां शिजविण्याचा प्रश्नच उरत नाहीं. तेथील मुख्य धान्य सातू, म्हणजेच जव. थोड्या दिवसांच्या उन्हाळ्यांत पिकणारें असें दुसरें धान्य विरळाच. सातू भाजून ओढ्यावरील पाणचक्कींत दळतात. या पिठास तिबेटी लोक त्सांपा म्हणतात. आपल्या आजीच्या हातचें सातूचें पीठ ज्यांनीं खाल्लें असेल, त्यांस ही वस्तु परकी वाटूं नये. आपण त्यांत गूळ व दूध घालतों. ते त्यांत लोण्याचा चहा घालून बोटांनीं मळून त्याचे गोळे करून खातात.

हा लोण्याचा चहा म्हणजे गुरगुर चहा. चहाची पत्ती किंचित् सोडा घालून पुष्कळ वेळ उकळवितात, आणि तो काढा मीठ व लोणी यांसह एका उंच, निमुळत्या लांकडी नळकांड्यांत ओतून रवीसारख्या दांड्यानें घुसळतात. घुसळतांना जो आवाज होतो, त्यावरूनच हें नांव पडलें. साखरेच्या चहाची संवय असलेल्यास पहिला घोट जड जातो. पण विचार केला तर या चहांत शहाणपण आहे: थंडींत शरीरास स्निग्ध पदार्थ हवा, कोरड्या हवेंत पाणी व मीठ हवें, तें सर्व एका पेल्यांत मिळतें. म्हणून दिवसांतून कित्येक वेळां तो पितात.

रोजच्या जेवणांत दुसरे प्रकारहि आहेत. गव्हाच्या कणकेचे लहान गोळे अंगठ्यानें दाबून वाटीसारखे करितात व ते बटाटे, गाजरें, सलगम आणि असल्यास मांस यांच्याबरोबर एकाच पातेल्यांत शिजवितात. यास स्क्यू म्हणतात. कणकेस फुलपांखराच्या पंखांसारखा आकार दिला म्हणजे तेंच चुतागी. पातळ रस्सा करून त्यांत कणकेच्या फिती सोडिल्या कीं थुक्पा झाला. कोंकणांतील कोणतीहि गृहिणी हे पदार्थ पाहील तर म्हणेल, “अहो, ही तर आमची वरणफळें!” आणि तें बव्हंशीं खरेंच आहे. सातू व वाटाणे यांचें पीठ शिजवून घट्ट गोळा करितात, तो पाबा. तो ताकांत रानभाजी घालून केलेल्या तांगतुराबरोबर खातात. खंबीर नांवाची जाड, गोल, आंबविलेल्या पिठाची भाकर सकाळच्या चहाबरोबर असते. एकाच भांड्यांत, एकाच जाळावर सर्व जेवण तयार व्हावें, हें धोरण या बहुतेक पदार्थांत दिसून येईल. आणि त्याचें कारण म्हणजे जळणाची काटकसर.

झाडें थोडीं असल्यामुळें जळणासाठीं गुरांचें शेण वाळवून ठेवण्याचा प्रघात पडला. हल्लीं गॅसच्या शेगड्या सर्वत्र झाल्या आहेत. तथापि हिवाळ्यांत घराची ऊब राखण्यास बुखारी नांवाची धुराड्याची लोखंडी शेगडी अद्यापि लागते. जुनें घर उन्हांत वाळविलेल्या मातीच्या विटांचें, सपाट छपराचें. छपरास पॉपलर झाडाचे वासे, त्यांवर विलोच्या काटक्या व वर मातीचा थर. छपराच्या कडेनें चारा व जळण रचून ठेवितात. खालच्या मजल्यावर गुरें असत. त्यांच्या अंगची ऊब वरच्या मजल्यास मिळे. घरांतील सर्वांत मोठी व मानाची खोली स्वयंपाकघराची. भिंतीवरील फळ्यांवर तांब्या-पितळेचीं भांडीं लखलखीत घांसून मांडलेलीं, चुलीजवळ वडील माणसांची जागा, आणि मग वयाप्रमाणें इतरांच्या जागा. थंडीच्या दिवसांत सारें कुटुंब येथेंच जेवतें, येथेंच बसतें आणि पुष्कळदां येथेंच निजतें.

पाहुणा आला कीं “जुले!” म्हणून त्याचें स्वागत होतें. चहा पुढें केला असतां त्यानें एकदम पेला पुढें करणें शिष्टाचारास सोडून होय. दोनतीन वेळां नको नको म्हणावें, यजमानीणबाईंनीं आग्रह करावा, आणि मग घ्यावें. एक घोट घेतला कीं त्या पुन्हां पेला भरतात. आपल्याकडील पंक्तींतील आग्रहाचा हा थेट भाऊच म्हणावयाचा.

हिवाळ्याची बेगमी हा तेथील गृहिणीच्या कर्तबगारीचा खरा कस. काश्मीरकडील वाट जोझी खिंडींतून व मनालीकडील वाट त्याहूनहि उंच खिंडींतून येते. इ. स. २०२० च्या ऑक्टोबरांत रोहतांग खिंडीखालील अटल बोगदा सुरू झाला; तरी पलीकडच्या खिंडी हिवाळ्यांत बर्फानें भरतातच. विमानें वर्षभर येतात, पण विमानानें आलेली भाजी महाग पडते. म्हणून उन्हाळा सरतां सरतां घरोघरीं धांदल उडते. बटाटे, गाजरें, मुळे व सलगम जमिनींत खड्डा करून त्यांत पुरतात. वरती कडक गोठण असतां खोल मातींत ते गोठत नाहींत. पालेभाज्या व टोमॅटो उन्हांत वाळवितात. ताकाचा चोथा वाळवून छुरपे नांवाचे कठीण तुकडे करितात. ते हिवाळ्यांत रश्श्यास रुचि आणितात. सिंधूच्या खालच्या अंगास जर्दाळूच्या बागा आहेत. तेथील जर्दाळू वाळवून ठेवितात, आणि कोय फोडून आंतल्या गराचें तेल काढितात. वैशाख-ज्येष्ठांत आपल्या घरीं पापड, सांडगे व कुरडया वाळत घालतात, ती बेगमी पावसाळ्याची. लेहची बेगमी बर्फाची. ऋतु निराळा, पण आईची काळजी एकच.

जानेवारींत रात्रीचें उष्णमान शून्याखालीं १५ अंशांपर्यंत व कधीं त्याहूनहि खालीं उतरतें. नळ फुटूं नयेत म्हणून ते रिकामे करून ठेवावे लागतात, आणि मग घरचें पाणी बादल्यांनीं भरून आणावें लागतें. शाळांची मोठी सुटी आपल्याप्रमाणें मे महिन्यांत नसून ऐन हिवाळ्यांत असते. मुलें गोठलेल्या तळ्यावर बर्फावरील हॉकी खेळतात. लडाखी नवें वर्ष, म्हणजे लोसार, बहुधा डिसेंबरांत येतें. सणापूर्वी नऊ जिनसा घालून थुक्पा करण्याची चाल आहे. कणकेच्या गोळ्यांत कोळसा, मिरची, मीठ इत्यादि लपवितात, आणि ज्याच्या वाट्यास जें येईल त्यावरून त्याच्या स्वभावाची थट्टा होते.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, थंडी हाच तेथील लोकांचा मोठा वैरी. तसें नाहीं. थंडीशीं त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या समेट केला आहे. त्यांस खरी चिंता आहे ती बर्फ कमी होत चालल्याची. पेरणी वसंतांत होते, आणि त्या वेळीं शिखरांवरील जुन्या हिमनद्या वितळूं लागलेल्या नसतात; तेव्हां खालच्या उतारांवरील हिवाळी बर्फावरच पेरणीचें पाणी अवलंबून. तो कमी पडला, कीं पातेल्यांतील सातू कमी झाला. पूर्वी पाण्याच्या वांटणीसाठीं गांवानें नेमलेला चुरपोन नांवाचा पाणकरी असे, आणि तो सांगेल त्या क्रमानें प्रत्येक शेतास पाट मिळे. घरांतील शौचकूपासहि पाणी लागत नसे. माती व राख टाकून त्याचें खत होई व तें शेतांत जाई. आज शहरांत हॉटेलें पुष्कळ झालीं, उन्हाळ्यांत प्रवाशांची गर्दी होते, पाणी ओढणारे संडास व विंधनविहिरी वाढल्या. जेथें चार इंच पाऊस, तेथें हा खर्च कोठवर पुरणार?

यावर तेथील लोक हात जोडून बसलेले नाहींत. छेवांग नोर्फेल या स्थापत्यविशारदांनीं इ. स. १९८७ पासून हिवाळ्यांत वायां जाणारें ओढ्याचें पाणी गांवाच्या वरच्या बाजूस सांवलींत पसरून गोठविण्यास आरंभ केला. तें वसंतांत अगदीं पेरणीच्या वेळीं वितळतें. या कामाबद्दल इ. स. २०१५ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली. पुढें इ. स. २०१३-१४ च्या हिवाळ्यांत सोनम वांगचुक यांनीं नळीनें उंचावरील पाणी आणून, त्याच्याच दाबानें कारंजें उडवून, बर्फाचा स्तूप उभा करून दाखविला. शंकूच्या आकारांत पाणी पुष्कळ मावतें, पण उन्हास पृष्ठभाग थोडा मिळतो. म्हणून तो सावकाश विरघळतो. भूमितीचा तास कंटाळवाणा वाटणाऱ्या विद्यार्थ्यांनीं या स्तूपाचा विचार जरूर करावा.

तथापि निसर्गापुढें सर्वच उपाय पुरे पडतात असें नाहीं. इ. स. २०१० च्या ऑगस्टांत एके रात्रीं लेहवर ढगफुटी झाली. पावसाची संवय नसलेलीं तीं मातीचीं घरें चिखलाच्या लोंढ्यांत वाहून गेलीं आणि दोनशेंहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. पाणी फार थोडें आलें तरी संकट, आणि एकदम आलें तरी संकट.

आमच्या विद्यार्थ्यांस आमची एवढीच सूचना आहे. आज घरीं गेल्यावर आपल्या आजीस किंवा आईस विचारा कीं, आपल्या घरीं पूर्वी काय काय वाळवून ठेवीत, जळण व पाणी कोठून आणीत, आणि कोणती वस्तु टाकून देत नसत. त्यांचीं उत्तरें वहींत लिहून काढा. पालकांनींहि त्यांस साह्य करावें. भूगोलाच्या पुस्तकांत नकाशे आहेत. परंतु मनुष्यानें आपल्या प्रदेशाशीं कसें जमवून घेतलें, याची हकीकत चुलीपाशीं बसून जितकी चांगली कळते, तितकी ती नकाशावरून कळत नाहीं.