लंडन नऊ तासांवर, रिद्धपूर मात्र दूरच!

रिद्धपूर - मुंबईहून लंडनचे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. लंडनहून निघालेले थेट विमान साधारणतः नऊ तासांत मुंबईला उतरते. मुंबईहून अमरावतीला येणारी रात्रीची अंबा एक्स्प्रेस मात्र अकराएक तास घेते आणि त्यापुढे रिद्धपूरचा रस्ता उरतोच! परदेशातील मुलगा वडिलांच्या अंत्यदर्शनासाठी निघतो, तेव्हा घरच्यांनी नेमके किती तास थांबायचे, हा प्रश्न म्हणूनच केवळ नकाशा पाहून सुटत नाही.

विमानाचे अंतर मोजतात ते पृथ्वीच्या गोलावरून. शाळेतील पृथ्वीगोलावर मुंबई ते लंडन धागा ताणून धरला, तर तो पाकिस्तानचा किनारा, इराण, कॉकेशस आणि युक्रेनवरून जातो. सपाट नकाशावर हीच वाट वाकडी दिसते. प्रत्यक्षात सर्वांत जवळची तीच. पण आकाशालाही सरहद्दी असतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हद्द बंद केली. अशा वेळी वळसा पडतो, इंधन वाढते आणि वेळही.

वाराही हिशेबात धरावा लागतो. उंचावरील वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे लंडनला जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी. घड्याळ आणखी गोंधळ घालते. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. हिवाळ्यात तेथून रात्री नऊला निघालेले विमान नऊ तासांनी, म्हणजे मुंबईच्या सकाळी साडेअकराला पोहोचते. तिकिटावरील वेळा नुसत्या वजा केल्या, तर प्रवास साडेचौदा तासांचा वाटावा!

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा १६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाली. हवाई अंतर सुमारे ५४० किलोमीटर, वेळ पावणेदोन तास. म्हणजे सरासरी ताशी तीनशेच्या वर थोडी. पंख्याचे ते एटीआर विमान आकाशात ताशी पाचशेच्या आसपास वेग घेते. उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात, चढण्या-उतरण्यात आणि मुंबईच्या गर्दीसाठी राखून ठेवण्यात जातो.

श्रीगोविंदप्रभूंचे रिद्धपूर ही महानुभाव पंथाची काशी. पंथाचे अनुयायी पंजाबपर्यंत पसरलेले असल्याने दुरून येणाऱ्यांचे गावाला नवल नाही. २०२४ मध्ये येथे मराठी भाषा विद्यापीठाचे वर्गही सुरू झाले. मात्र गाव अमरावतीच्या उत्तरेला आणि बेलोरा दक्षिणेला, त्यामुळे उतरल्यावरही शहर ओलांडावे लागते. शिवाय सुरुवातीच्या वेळापत्रकात विमान सोमवार, बुधवार आणि शुक्रवार एवढेच दिवस होते. गुरुवारी दुपारी मुंबईत उतरलेल्या माणसाने शुक्रवारच्या विमानाची वाट पाहण्यापेक्षा त्याच रात्रीची गाडी धरलेली बरी. ती त्याला सकाळीच अमरावतीत पोहोचवते.