पिल्लू घरातच शू का करते?

मागच्या पावसाळ्यात इंदापूरला आमच्या घरी दोन महिन्यांचे एक गावठी पिल्लू आले. मुलांनी त्याचे नाव मोती ठेवले. आठ दिवसांत घरातले सगळे वैतागले. अंगणात अर्धा तास हिंडवून आत आणावे, की मोती फरशीवर शू करून मोकळा! आम्ही रागावलो, त्याचे नाक ओल्या फरशीला टेकवले, एकदा चापटही मारली. तेव्हापासून तो आमच्यादेखत शू करेनासा झाला. पलंगाखाली, कपाटामागे करू लागला. शेवटी शेजारच्या काकांनी उपाय सुचवला, “कडबनवाडीच्या माळावर सोडून या. जगेल तिकडे.”

हे आम्हाला पटले नाही. त्या माळावर चिंकारा आणि लांडगे आहेत. बारामती तालुक्यात सुप्याला चिंकाऱ्यांसाठी १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्यच झाले. मोकाट कुत्री चिंकाऱ्यांच्या मागे लागतात आणि त्यांचा डिस्टेंपर हा रोग लांडग्यांनाही होतो. पण माळाचा विषय निघाला आणि एक प्रश्न पडला : लांडग्याची पिल्ले आपले बीळ घाण करतात का?

बिळातली स्वच्छता

कुत्रा हा लांडग्याचाच माणसाळलेला भाईबंद. दोघांच्याही नवजात पिल्लांना आपणहून शी-शू करता येत नाही. आई पोटाखालचा भाग चाटते, त्या स्पर्शाने ती होते, आणि आईच ती चाटून साफ करते. साधारण तीन आठवड्यांनी पिल्ले स्वतः शू करू लागतात व त्यासाठी झोपायच्या जागेपासून दूर सरकतात. म्हणजे ‘अंथरूण घाण करू नये’ हे त्यांना उपजतच कळते. मात्र आपले सगळे घर हेच त्यांचे ‘अंथरूण’ आहे, हे त्यांना कसे कळावे? मोतीच्या लेखी कपाटामागची जागा बिळाबाहेरचीच होती!

मूत्राशयाचे गणित

बारामतीला लस टोचायला नेले तेव्हा डॉक्टरांनी विचारले, “दिवसातून किती वेळा शू करतो? लिहून ठेवता का?” आम्ही गप्प. मग वही घातली. चार दिवसांत नोंदींमधून एक नियम दिसू लागला. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर मोती हमखास शी किंवा शू करी. पोटात अन्न पडले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, हे त्यातले एक कारण. शिवाय लहान पिल्लाचे मूत्राशय लहान आणि त्यावरचा ताबा कच्चा. ढोबळ हिशेब असा, की वय जितके महिने, त्यात एक मिळवावा; तितके तास पिल्लू दिवसा कसेबसे थांबू शकते. मोती तीन तास थांबू शकत होता, आम्ही अपेक्षा पाच तासांची करत होतो.

शिक्षेने काय शिकवले?

थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली मांजरांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पेटीत कोंडलेल्या मांजराने खटका दाबला की दार उघडे व खाऊ मिळे. ज्या कृतीमागून लगेच सुख मिळते ती कृती पुन्हा केली जाते, असे त्यात दिसले. यातला ‘लगेच’ हा शब्द महत्त्वाचा. फरशी ओली झाल्यावर दहा मिनिटांनी मारलेल्या चापटीचा संबंध मोतीला शूशी जोडता येत नव्हता. त्याने जोडला तो आमच्याशी : माणसे दिसली की शू करणे धोक्याचे! म्हणून तो अंगणातही आमच्यासमोर शू करीत नसे आणि आत येऊन लपून करी.

मग आम्ही रीत बदलली. ठरलेल्या वेळी त्याला अंगणातल्या एकाच कोपऱ्यात नेऊ लागलो. तिथे खेळ नाही, गप्पा नाहीत. शू झाली की त्याच क्षणी भाकरीचा तुकडा आणि शाबासकी. आत चुकला तर न बोलता पुसून घ्यायचे.

पुसण्यातही रसायनशास्त्र आहे. मूत्रातल्या युरियाचे जिवाणू विघटन करतात व अमोनिया तयार होतो. वास राहिला की पिल्लू त्याच जागी परत येते. म्हणून फरशी साबणाच्या पाण्याने धुऊन वर पातळ केलेले व्हिनेगर फिरवावे. आम्ल अमोनियाचे उदासिनीकरण करते. अमोनिया असलेले क्लीनर मात्र टाळावे.

महिनाभरात मोती दाराशी जाऊन कुंईकुंई करू लागला. अधूनमधून चुका होत राहिल्या; सहा महिन्यांपर्यंत त्या होणारच. मात्र पिल्लू सारखी थेंबथेंब शू करत असेल किंवा शू करताना कण्हत असेल तर तो आजार समजून डॉक्टरांना दाखवावे.

तुमच्या वर्गात कोणाकडे पिल्लू असेल, तर खाण्याच्या, झोपण्याच्या व शी-शूच्या वेळांचा आठवडाभराचा तक्ता मुलांकडून करून घ्या. नियम मुलांनाच शोधू द्या. तो सापडला की एक प्रश्नही विचारा : पिल्लाला जे अजून जमतच नव्हते, त्याबद्दल त्याला मारून काय मिळाले? उत्तर देताना मुले आपल्याकडे पाहतील, याची तयारी मात्र ठेवा.